सकाळी बोटं मिटत नाहीत, आणि सासूबाईंची ती पुडी

पत्र: "नमस्कार डॉक्टर. मी लालबागला राहते, वय ३७, अंधेरीला अकाउंट्समध्ये जॉबला आहे. तीनेक महिने झाले, सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं आखडलेली असतात, मूठ मिटत नाही, ब्लाउजचे हुक लावायला मुलीला हाक मारावी लागते. ऑफिसला पोचेपर्यंत जरा मोकळं वाटतं. मनगटं सुजतात, अंगात कणकण असते, संध्याकाळी फार दमायला होतं. सगळे म्हणतात कॅल्शियम कमी झालंय, गोळ्या घेतल्या, फरक नाही. सासूबाई ६६ वर्षांच्या, त्यांना गुडघ्याचा त्रास जुना. दीडदोन वर्षं गावाकडून त्यांच्यासाठी एक पुडी येते, ती सुरू केल्यापासून त्या चाळीचे तीन जिने चढतात. चेहराही भरलाय, सगळे म्हणतात तब्येत सुधारली. फक्त शुगर वाढलीये, आणि मध्यंतरी बाथरूममध्ये पडल्या तर मनगट मोडलं. त्या मला म्हणतात तूही पुडी घे. घेऊ का? शिवाय मिस्टरांचा पायाचा अंगठा मागच्या महिन्यात रात्री अचानक सुजला, युरिक अ‍ॅसिड निघालं, तेव्हापासून त्यांनी डाळ बंद केलीये. घरात नक्की चाललंय काय तेच कळत नाही. – एक वाचक, लालबाग"

ताई, पुडी घेऊ नका. हे आधी सांगते कारण बाकीचं उत्तर लांब आहे आणि तुम्ही ते लोकलमध्ये अर्धवट वाचून ठेवून द्याल अशी मला भीती वाटते. आणि दुसरं, तेवढंच महत्त्वाचं, सासूबाईंची पुडी आज घरी जाऊन रागाने कचऱ्यात टाकू नका. दोन्हीचं कारण सांगते.

आधी तुमचं बघूया, कारण तुमच्याच बाबतीत वेळ हातातून चाललाय. तुम्ही पत्रात तुमच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलंय, पण जे लिहिलंय ते नेमकं तेच आहे जे डॉक्टर विचारतात. सकाळचा आखडलेपणा किती वेळ टिकतो? तुम्ही म्हणता ऑफिसला पोचेपर्यंत, म्हणजे उठल्यापासून आवरून लालबागहून अंधेरी धरा, दोन तास तरी. कुठले सांधे? बोटं आणि मनगटं. एकाच बाजूचे की दोन्ही? दोन्ही. सूज आहे, नुसतं दुखणं नाही. अंगात कणकण, थकवा. आणि वय ३७, बाई. हे सगळं एकत्र आलं की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस, मराठीत आमवात म्हणतात तो. पत्र वाचून निदान होत नाही, हात दाबून बघावे लागतात, रक्त तपासावं लागतं, पण कॅल्शियमच्या गोळ्या खात बसण्यासारखी ही गोष्ट नक्की नाही. कॅल्शियम कमी झालं म्हणून बोटांचे सांधे सुजत नाहीत हो.

या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते, अस्तर सुजतं, जाड होतं आणि हळूहळू बाजूची कुर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची मऊ गादी, आणि हाड खायला लागतं. एकदा खाल्लेलं हाड परत भरून येत नाही, बोटं वाकडी झाली की औषधाने सरळ होत नाहीत. आपण पूर्वी ज्या आज्ज्या बघायचो, हाताची बोटं एका बाजूला वळलेली, पेला धरता न येणारी, त्यातल्या कितीतरी जणी या आजाराच्या असणार, त्यांच्या काळी चांगली औषधंच नव्हती. आता आहेत. आणि ती पहिल्या काही महिन्यांत, तीन ते सहा महिन्यांच्या आत सुरू झाली तर सांधे वाचायचे चान्सेस खूप जास्त असतात. तुमचे तीन झालेत. म्हणून मी घाई करतेय, घाबरवत नाहीये.

काय तपासायचं ते सांगते म्हणजे लॅबमधलं मोठ्ठं पॅकेज कोणी गळ्यात मारणार नाही. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, ईएसआर आणि सीआरपी या अंगातली सूज दाखवणाऱ्या, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवातासाठीच्या, थायरॉइड, आणि दोन्ही हातांचा एक्स-रे. लिव्हर आणि किडनीच्या टेस्ट औषध सुरू करण्याआधी लागतातच. आता यात एक गोची असते ती नीट समजून घ्या. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाही असं नसतं, दर चारपाच पेशंटमागे एकाचा निगेटिव्हच येतो, आणि उलट पॉझिटिव्ह आला म्हणजे आजार आहेच असंही नाही, ठणठणीत म्हाताऱ्या माणसांत आणि दुसऱ्या आजारांतही तो पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी जास्त खात्रीची. एक्स-रे सुरुवातीला बऱ्याचदा नॉर्मलच असतो, तेव्हा "एक्स-रे नॉर्मल आहे, काही नाही तुम्हाला" असं कोणी म्हटलं तर तिथे थांबू नका. सुजलेले सांधे बोटाने दाबून बघणारा डॉक्टर कागदावरच्या आकड्यांपेक्षा महत्त्वाचा.

अजून एक विचारायचं राहिलं, या पावसाळ्यात जोराचा ताप येऊन गेला होता का? अंगावर पुरळ, सांधे असे धरलेले की पलंगावरून उठता येईना, असा? मुंबईत चिकनगुनिया असतोच, आणि ताप चारपाच दिवसांत उतरला तरी सांधे कित्येक महिने सुजलेले राहू शकतात, अगदी आमवातासारखेच दिसतात. तसं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, उपचाराची दिशा बदलते. आणि रात्री झोपेत हाताला मुंग्या येऊन जाग येत असेल तर तेही सांगा, सुजलेल्या मनगटात नस दाबली जाते.

जायचं कुठे? हाडांच्या डॉक्टरकडे नाही, ऱ्हुमेटॉलॉजिस्टकडे, हा अशा सांध्यांच्या आजारांचा वेगळा स्पेशालिस्ट असतो, बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. तुम्ही लालबागला आहात म्हणजे केईएम तुमच्या दारात आहे, परळला चालत जाल, तिथे ऱ्हुमेटॉलॉजीची ओपीडी आहे. कुठल्या वारी असते ते आधी जाऊन विचारून या, आणि त्या दिवशी सकाळी लवकर केस पेपरच्या रांगेत उभं राहा, ऑफिसमधून पूर्ण रजा टाका, हाफ डेमध्ये होत नाही. गर्दी असते, वेळ जातो, पण असे पेशंट रोज बघणारे डॉक्टर तिथे आहेत. प्रायव्हेटला जायचं असेल तरी चालेल, फक्त "ऱ्हुमेटॉलॉजिस्ट आहात ना" हे विचारून जा.

निदान पक्कं झालं तर बहुतेक मेथोट्रेक्सेट सुरू करतील. मेडिकलवाला किंवा शेजारची कोणीतरी म्हणेल "अगं ही तर कॅन्सरची गोळी!" हो, मोठ्या डोसमध्ये कॅन्सरला वापरतात, सांध्यांसाठी डोस अगदी छोटा असतो आणि जगभर या आजारात पहिलं औषध हेच आहे. पण एक गोष्ट फ्रीजवर चिकटवून ठेवा, ही गोळी आठवड्यातून एकदा. रोज नाही. चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी कोसळतात, माणसं दगावली आहेत. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा, आणि घरातल्या अजून एकाला सांगून ठेवा. सोबत फॉलिक अ‍ॅसिडची गोळी देतात, ती सांगतील त्या दिवशी. सुरुवातीला दर काही आठवड्यांनी आणि मग साधारण तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, हे चुकवायचं नाही, बरं वाटायला लागल्यावर तर अजिबातच नाही. दारू नको. आणि दुसरं मूल हवं असा विचार असेल तर पहिल्याच भेटीत बोला, या गोळीवर असताना दिवस राहता कामा नयेत, गर्भाला धोका असतो, आधी काही महिने बंद करावी लागते, पण पर्यायी औषधं आहेत आणि या आजाराच्या कितीतरी जणी व्यवस्थित आई होतात.

परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. याच काळात लोक सोडतात बघा, "महिना झाला काही फरक नाही" म्हणून, आणि मग कोणाची तरी पुडी सुरू होते.

तर पुडी. मी ती पाहिलेली नाही, त्यामुळे आत काय आहे ते छातीठोक सांगू शकत नाही. पण तुम्ही जे वर्णन केलंय, पुडी सुरू केली आणि जिने चढायला लागल्या, चेहरा भरलेला, शुगर वाढलेली, हाड मोडलेलं, हे सगळं मिळून एकाच गोष्टीकडे बोट दाखवतं, ते म्हणजे स्टेरॉइड, सूज आणि दुखणं झटपट दाबणारं जोरकस औषध. लेबल नसलेल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड आणि पेनकिलर कुटून घातलेलं असतं असं पुन्हा पुन्हा सापडलंय. मी आयुर्वेदाच्या विरोधात बोलत नाहीये, शिकलेला वैद्य औषधाचं नाव लिहून देतो, पावती देतो, विचारलं तर सांगतो. ज्या पुडीवर ना नाव, ना घटक, ना बनवणाऱ्याचा पत्ता, ती औषध कशी म्हणायची?

तब्येत सुधारली असं जे सगळे म्हणतात ना, ती सुधारणा नाहीये ताई, ते स्टेरॉइडचं तोंड असावं. गाल भरतात, मानेमागे चरबी साठते, हातपाय मात्र बारीक होत जातात, जरा लागलं की काळंनिळं होतं. आतून बीपी वाढतो, शुगर वाढते, मोतीबिंदू लवकर येतो, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून सांधा खचू शकतो, आणि हाडं ठिसूळ होतात. पुडीचा आणि मोडलेल्या मनगटाचा संबंध आहे का, तर मला वाटतं असू शकतो. साठी उलटलेली बाई, उभ्या उंचीवरून नुसती घसरून पडली आणि मनगट मोडलं, हे निव्वळ नशीब नसतं, हाडं विरळ झाल्याचं ते लक्षण धरायचं असतं. पाळी गेल्यावर ती तशीही विरळ होतातच, वर स्टेरॉइड असेल तर विचारायलाच नको. या आजाराला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, आणि तो दुखत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. मनगट जोडलं, प्लास्टर काढलं, विषय संपला असं होतं, आणि पुढचं फ्रॅक्चर खुब्याचं होतं.

मग लगेच बंद का नाही करायची? कारण किडनीच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात त्या रोज शरीराला लागतं तेवढं स्टेरॉइड स्वतः बनवतात, आणि बाहेरून महिनोन्‌महिने मिळत राहिलं की त्या काम थांबवतात. पुडी एका दिवसात बंद केली तर शरीरात अचानक काहीच उरत नाही, उलट्या, चक्कर, बीपी एकदम खाली, क्वचित जिवावर बेततं. म्हणून ती डॉक्टरच्या हाताखाली, डोस ठरवून, हळूहळू उतरवायची. एमडी मेडिसिनवाल्या डॉक्टरकडे या आठवड्यातच न्या. तोपर्यंत त्यांना ताप आला, जुलाब झाले किंवा कुठे अ‍ॅडमिट व्हावं लागलं तर "या दीडदोन वर्षं पुडी घेतायत, स्टेरॉइड असू शकतं" हे पहिलं वाक्य असलं पाहिजे. आणि हो, डॉक्टरही कधीकधी स्टेरॉइड देतात, तुम्हालाही औषध लागू पडेपर्यंत थोड्या दिवसांसाठी छोटा डोस देतील, तेव्हा घाबरू नका, डोस आणि मुदत माहीत असलेलं स्टेरॉइड वेगळं.

सासूबाईंशी हे बोलताना जरा जपून. त्यांना त्या पुडीने जिने परत मिळालेत. तुम्ही ती हिसकावून घेताय असं त्यांना वाटलं तर लपवून घेतील, आणि ते जास्त वाईट. मुलाला बोलू द्या, म्हणजे तुमच्या मिस्टरांना. "पुडी बंद" असं म्हणू नका, "डॉक्टरला दाखवून बघू, गुडघ्यासाठी दुसरं काय करता येतं" असं म्हणा, आणि ते खरंच करा, कारण गुडघ्यासाठी करण्यासारखं खूप आहे.

त्यांचा गुडघा हा तुमच्या बोटांपेक्षा वेगळा आजार दिसतोय, ऑस्टिओआर्थ्रायटिस. यात कुर्चा झिजते. चाललं, जिना चढला, खाली बसून उठलं की दुखतं, आराम केला की कमी होतं, सकाळी आखडतं ते अर्ध्या तासाच्या आत सुटतं. तुमचं उलट आहे बघा, तुम्हाला हालचालीने मोकळं वाटतं आणि झोपून उठल्यावर जास्त त्रास. घरच्या घरी फरक ओळखायची एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ.

झिजलेली कुर्चा परत उगवून आणणारं तेल, पावडर, गोळी आजपर्यंत निघालेली नाही, टीव्हीवर काहीही सांगू देत. सांध्यांसाठी म्हणून विकतात त्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर महिन्याला पैसे घालवण्याआधी एवढं बघा की अभ्यासांत त्याचा फायदा नक्की असा दिसलेला नाही. तेलाने मालिश करा, शेक द्या, बरं वाटतं, काही हरकत नाही. पण खरं काम मांडीच्या पुढच्या स्नायूंचं आहे, ते मजबूत झाले की गुडघ्यावरचा भार ते घेतात. पलंगावर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्याने खाली दाबायची, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं, दहा वेळा, सकाळ संध्याकाळ. मग खुर्चीत बसून एकेक पाय सरळ उचलून धरायचा. सहाआठ आठवडे नेटाने केलं तर फरक कळतो, एखादा फिजिओ दोनतीन वेळा दाखवायला मिळाला तर अजून उत्तम. वजन जास्त असेल तर कमी करणं, कारण एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण चार किलो भार कमी होतो, म्हणजे पाच किलोत किती ते बघा. चाळीतला संडास भारतीय असेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते, ती आणा, उकिडवं बसणं हे झिजलेल्या गुडघ्यासाठी फार कठीण. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. दुखणं जास्त असेल तेव्हा डायक्लोफेनॅकचं जेल गुडघ्यावर लावायला द्यायचं. पोटात घ्यायच्या पेनकिलर मात्र मेडिकलमधून स्वतः आणू नका, शुगर आहे, वय आहे, किडनी आणि पोट दोन्हीला धोका.

एवढं सगळं करूनही रात्री झोपेत दुखायला लागलं, पाय बाहेरच्या बाजूला वाकले, घरातल्या घरात चालणं बंद झालं, तर ऑपरेशन. त्याला घाबरून वर्षानुवर्षं खुर्चीत बसणारी माणसं मला बघवत नाहीत. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली, त्यामुळे इम्प्लांट पूर्वीपेक्षा बरंच स्वस्त झालं, आणि बहुतेकांचं ते वीस वर्षांहून जास्त टिकतं. पण आधी पुडीचं, शुगरचं आणि हाडांचं मार्गी लावायचं, मगच.

हाडांसाठी डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडं किती भरीव आहेत ते मोजणारा स्कॅन, सांगा, कमरेचा आणि खुब्याचा. त्यात येणारा आकडा, टी-स्कोर, उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, पण मनगट आधीच मोडलंय म्हणून आकडा तेवढा खाली नसला तरी डॉक्टर औषध सुरू करू शकतात. अ‍ॅलेन्ड्रोनेट नावाची गोळी असते, आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, चहाबरोबर अजिबात नाही, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. जेवणात नाचणीची भाकरी, दूध, दही, तीळ. नाचणीत १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं आणि दिवसाला त्यांना हजार-बाराशे लागतं. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, चाळीच्या गॅलरीत ऊन येत असलं तरी. साठ हजार युनिटची ड जीवनसत्त्वाची पाकिटं किंवा कॅप्सूल आठवड्याला एक असं काही आठवडे देतात, पण बरं वाटतं म्हणून वर्षभर चालू ठेवायच्या नाहीत, ड जीवनसत्त्वही जास्त झालं की कॅल्शियम वाढून किडनीला त्रास देतं. बाथरूममध्ये भिंतीला धरायला हँडल लावून घ्या, हे मी कुठल्याही गोळीच्या आधी करीन.

मिस्टरांचं थोडक्यात. रात्री अचानक अंगठा सुजून लाल होणं, चादर लागली तरी सहन न होणं, हा गाऊट, युरिक अ‍ॅसिड सांध्यात साठून होणारा. डाळ सुरू करायला सांगा त्यांना, डाळी-भाज्यांनी गाऊट वाढत नाही. कमी करायची ती बिअर, बाकीची दारू, कलेजी, लाल मटण, सुकट-बोंबील-कोळंबी, आणि गोड कोल्ड्रिंक. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा, काही गोळ्यांनी युरिक अ‍ॅसिड वाढतं. ऐन दुखण्यात युरिक अ‍ॅसिड नॉर्मलही येऊ शकतं, म्हणून दोनतीन आठवड्यांनी परत तपासायचं. झटके वारंवार यायला लागले तर रोजची गोळी लागते आणि युरिक अ‍ॅसिडचा आकडा ६ च्या खाली ठेवायचा असतो. झटका येण्याआधी नुसतं रिपोर्टमध्ये वाढलेलं दिसलं म्हणून मात्र गोळ्या खात सुटायचं नाही.

आणि तिघांपैकी कोणाचाही एकच सांधा अचानक सुजून गरम झाला आणि सोबत थंडी वाजून ताप आला, तर ओपीडीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी कॅज्युअल्टी, सांध्यात पू झाला असेल तर तो काही दिवसांत सांधा संपवतो. तसंच पाठदुखी रात्री झोपू देत नाही, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरतंय, असं असेल तर मणक्याचा टीबी तपासायला हवा, मुंबईत हे विसरून चालत नाही. आणि पाठदुखीसोबत पाय लुळे पडले किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला तर एक तासही घालवू नका.

आता तुमच्या भेटीसाठी. सकाळी हात सुजलेले असताना मोबाइलवर दोन्ही हातांचे फोटो काढून ठेवा, कारण ओपीडीत नंबर लागेपर्यंत सूज उतरलेली असते आणि मग आपणच म्हणतो "आता तसं काही नाही". आखडलेपणा रोज किती वाजता सुटतो ते चारपाच दिवस लिहून काढा. कॅल्शियमच्या गोळ्यांची पाकिटं, जुने रिपोर्ट न्या. आणि सासूबाईंच्या डॉक्टरकडे जाताना मनगटाचा एक्स-रे, शुगरचे कागद, आणि गावाकडून येणाऱ्या त्या औषधाच्या दोन पुड्या कागदासकट न उघडता बरोबर घ्या.